इथे हात बदलला

येल बेटावर शाळेची बस मी चालवते.
सकाळी अकरा मुलं, दुपारी तीच अकरा,
मधे सहा तास, आणि वारा.
वारा इथे पाहुणा नाही, घरजावई आहे.
गचरच्या धक्क्यापाशी बस उभी करते,
सीटखालची पिशवी काढते,
कमरेला आईचा चामडी पट्टा आवळते.
पट्ट्यात घोड्याचे केस ठासलेत, वर भोकंच भोकं.
एका भोकात उजवी सुई रोवली
की ती सुई माझी राहत नाही,
आपली आपण चालते.

ऑक्टोबरात हातमोजे झाले, बोटांची टोकं उघडी,
बारक्या इंगासाठी,
जी काचेवरच्या वाफेत रोज एक मेंढी काढते.
दोन्ही डाव्या हाताचेच झाले.
चालेल, म्हणाली ती, मी डावरीच आहे.

मग माझ्यासाठी टोपी. धुतली ती फुगली.
आता किटली घालते.

नाताळच्या आधी भाच्याचा स्वेटर,
राखी, मेंढीच्याच अंगचा तपकिरी, आणि सायीसारखा पांढरा.
खांद्याशी आले तेव्हा दिसलं,
बेचाळीस फेऱ्या खाली एक टाका उलटा.
कुणाला दिसला नसता.
हे वाक्य मी तीन दिवस स्वतःला ऐकवलं.
चौथ्या दिवशी उसवायला बसले.

उसवण्याचा आवाज ऐकलाय कधी?
रात्री कुंपणापलीकडे मेंढ्या चरतात, तसा:
बारीक, सलग, बिनघाईचा.
खरं सांगू? विणण्याइतकंच सुख आहे त्यात.
निघालेली लोकर कुरळी, हट्टी.
वाफेवर धरली की सरळ होते.
मला कुणी अशी वाफ दिली तर बघा.

जानेवारीत ओस्ला गेली.
तिचा भाऊ लाउरी उशीचा अभ्रा घेऊन दारात,
आत सुयांवरच थांबलेला स्वेटर,
छातीपर्यंत झालेला, बाह्या नाहीत, गळा नाही.
याचं काय करू, त्याने विचारलं,
मागे राहिलेल्या कुत्र्याबद्दल विचारावं तसं.

ओस्लाचा टाका करकचून.
बाईही तशीच: उधारी नाही, उसंत नाही.
माझा हात सैल.
एक नंबर बारीक सुया घेतल्या, श्वास रोखून विणलं,
तरी तिसऱ्या बरगडीच्या आसपास
रेघ उमटलीच.
भरतीची खूण राहते ना वाळूवर, तेवढीच.
मी ती पुसायला गेले नाही.
रात्री दिव्याखाली तिचे टाके मोजताना
एकदा चूक सापडली,
तिची!
इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.
तिला सांगता आलं नाही, एवढंच.

लाउरीने घातला. म्हणाला, बसतो.
येलमध्ये याला कौतुक म्हणतात.

एप्रिलात, कोकरांच्या दिवसांत, पुन्हा दारात.
कोपर काटेरी तारेत गेलेलं,
अंगाला आयोडीनचा, ओल्या लोकरीचा, जन्माचा वास.
फाटली ती माझी बाही.
ओस्लाचा भाग शाबूत, एक धागा हललेला नाही.
असती तर म्हणाली असती,
नाही, काहीच म्हणाली नसती, फक्त चहा ओतला असता.

पण मी खूश होते.
देऊन टाकलेल्या वस्तू सहसा परत येत नाहीत,
कपाटात जातात, पतंगाच्या पोटात जातात,
भाचा तर अ‍ॅबरडीनला गेला, स्वेटर इथेच विसरून.
हा मात्र कामावर गेला, फाटला,
आणि आपल्या पायांनी दुरुस्तीला आला.

आज बसमध्ये हीटर घुरघुरतो,
समोर अन्स्टची फेरी धक्क्याला घासते.
कोपराच्या भोकाभोवती टाके उचलते आहे:
सतरा, अठरा, एक निसटला, सतरा.

मुलं आली, ओल्या बुटांचा कल्ला.
इंगा माझ्या मांडीवर वाकली, दोन्ही डावे हातमोजे घालून,
आणि तिने बरोब्बर तिथेच बोट ठेवलं.
ही रेघ कसली?

इथे ड्रायव्हर बदलला, म्हटलं,
सुई पट्ट्यात खोचली
आणि गिअर टाकला.